गाऱ्हाणं घालणारं डबडं

आमच्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, तेव्हा वाडीत दोन प्रकारची माणसं झाली. एकांना फार वाईट वाटलं. दुसऱ्यांनाही वाईटच वाटलं, पण आधी हायसं वाटलं. कारण आमच्या दारावरून जी पाखाडी जाते, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, ती थेट खाली डांबरी रस्त्याला लागते, आणि वाडीतल्या प्रत्येकाला एसटी पकडायला तिथूनच उतरावं लागतं. बाबा पडवीत बसलेले असत. कोणाची गुरं कोणाच्या बागेत शिरली, कोण भरदुपारी झोकून आला, कोण बापाला औषध आणायचं विसरून क्रिकेट खेळायला चालला, सगळ्यांचा समाचार ते जागेवरून न उठता घेत. "टोणग्या!" ही सुरुवात ठरलेली. पुढचं माणूस बघून.

तर असा हा आवाज गेला. गळ्याला भोक आणि त्यावर सुती फडकं, एवढं राहिलं.

बाबांचे आयुष्यात दोनच हुन्नर. एक टायपिंगचा: रत्नागिरीला एका कचेरीत त्यांनी मराठी टंकलेखक म्हणून नोकरी केली, आणि साहेब बोलून संपायच्या आत यांचं वाक्य संपलेलं असे. दुसरा गाऱ्हाण्याचा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, पालखी टेकली की मानाच्या माणसानं पुढं होऊन देवाला गाऱ्हाणं घालायचं: बा देवा म्हाराजा, या घरावर, या वाडीवर, पोटासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांवर लक्ष ठेव. आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आमच्या वाडीत हा मान आमच्या घराकडे. बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतली माणसं येत. देवाशी ते अगदी पाखाडीवरून जाणाऱ्याशी बोलावं तसंच बोलत. टोणग्या तेवढं वगळत.

माझा धाकटा भाऊ मुंबईला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो हे आम्हाला सांगता येत नाही, आणि विचारलं तर त्यालाही येत नाही. पण मुलगा गुणी. बाबा मुके होऊन पडवीत भिंतीकडे बघत बसले, जेवताना पाटी-पेन्सिल पुढं केली तर ती खळ्यात भिरकावून देऊ लागले, मोबाइलवर लिहा म्हटलं तर त्या बोटभर काचेवर थुंकायच्या बेतात आले, तेव्हा हाच एक दिवस जुनाट कॉम्प्युटर घेऊन एसटीतून उतरला. म्हणाला, "मशीन म्हातारं आहे, पण यात विंडोज काढून लिनक्स टाकलंय. त्याला म्हातारं मशीन चालतं. शिवाय फुकट असतं." फुकट म्हटल्यावर बाबांनी मान डोलावली. आमच्याकडे फुकट मिळालेल्या वस्तूवर संशय घ्यायची पद्धत आहे, पण वस्तू घेऊन झाल्यावर.

बाबांनी कीबोर्डावर बोटं ठेवली आणि कचेरीतला तोच कडकडाट सुरू झाला. त्यांनी लिहायचं, एक बटण दाबायचं, की मशीन ते मोठ्यानं वाचून दाखवी. आवाज काय वर्णावा! पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. चढ नाही, उतार नाही, राग नाही, लोभ नाही. समोरच्या घरातल्या काकूंनी त्याचं नाव "डबडं" ठेवलं आणि तेच राहिलं. बाबांनी कॉम्प्युटर पडवीच्या खिडकीत मांडून घेतला आणि स्पीकरचं तोंड पाखाडीकडे केलं. पहिल्याच सकाळी खालून दूधवाला चढत होता. डबडं गरजलं, "टोणग्या. पाणी घालतोस ते निदान उकळलेलं घाल." आई चुलीपाशी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे, सकाळच्या गाडीची मला घाई असते, पण त्या दिवशी मी गाडी सोडली. आमच्या घरात परत कोणीतरी ओरडत होतं, याहून मोठा आनंद नव्हता.

मग शिमगा आला, आणि मशीननं घातलेलं गाऱ्हाणं देवाला पोचतं का यावर सभा भरली. आमच्या वाडीची दोन मंडळं: एक ग्रामस्थ मंडळ, एक मुंबईकर मंडळ. देवळाला लाद्या कुठल्या रंगाच्या बसवायच्या यावर यांचं भांडण चालू आहे ते मी शाळेत असल्यापासून. ग्रामस्थ म्हणाले, डबडं चालणार नाही. त्यासरशी मुंबईकर म्हणाले, चालेल. मग मुंबईकरांना एकदम पुढारलेपण चढलं आणि ते म्हणाले, आम्ही मुंबईहून चांगला निवेदक आणतो, माइकवर. त्यासरशी ग्रामस्थ म्हणाले, काही गरज नाही, आमचं डबडंच बरं. ठराव झाला, की बटणं मानकऱ्याच्या बोटांनी दाबली असल्यामुळं गाऱ्हाणं मानकऱ्याचंच समजण्यात यावं. देवाला विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांनी त्या गाऱ्हाण्यावर जी मेहनत घेतली ती मी बघितली आहे. प्रत्येक मागणीनंतर माणसांना "व्हय म्हाराजा" म्हणायला जागा हवी. बाबांनी खटपट करून शोधून काढलं की दोन ओळी मोकळ्या सोडल्या की डबडं दमल्यासारखं थांबतं. "म्हाराजा" शब्दाचं लेखनही तीन-चार तऱ्हांनी करून बघितलं, तेव्हा कुठं त्याला आमच्याकडचा हेल आला. असे दोन शिमगे डबड्यानं काढले. पालखी नाचवणारे पोरगे डबड्याची नक्कल करायचे. म्हणजे आता तो बाबांचा आवाज झालाच होता. आमच्यात ज्याची नक्कल होते तोच खरा माणूस.

भावाला मात्र लाज वाटू लागली. बाबा मोबाइल स्पीकरपाशी धरून त्याला फोन करत, आणि ऐन मीटिंगमध्ये त्याच्या हातातून डबडं बोले, "टोणग्या. जेवलास का." तो मला म्हणाला, "ताई, ऐकवत नाही गं. आपले बाबा, आणि असले पत्र्यासारखे बोलतात. मी त्यांना माणसाचा आवाज देणार आहे." तळमळ खरी होती, हे मी नाकारत नाही. तळमळीनं जेवढं नुकसान होतं तेवढं दुष्टाव्यानं होत नाही, हेही मी आमच्याच घरात शिकले.

तिसऱ्या शिमग्याला तो आला तो लॅपटॉप, मेमरीची एक पट्टी आणि गेल्या वर्षी निघालेली लिनक्सची नवी आवृत्ती घेऊन. पाय धुवायच्या आधी त्यानं मला पडवीत गाठलं.

"ताई, जुनीचा आधार संपत आलाय. ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती आहे. पाच वर्षं."

"कोण देणार आधार?"

"बनवणारे. चुका दुरुस्त करत राहतात, सुरक्षेचं बघतात."

"राहतात कुठं?"

"जगभर."

"म्हणजे बाबांना पाखाडीवरून हाताला धरून उतरवायला त्यातला कोणी यायचा नाही."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणाला, आणि त्यानं नवं काय काय आहे ते सांगायला घेतलं. खिडक्यांचे कोपरे गोल झालेत. फोल्डरांचे रंग बदलता येतात. संध्याकाळ झाली की पडदा आपोआप पिवळसर होतो. एक खिडकी कडेला सरकवली की दुसरी आपली जागा ओळखून बसते. फोटो बघायचं नवं, रोजच्या कामाचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं, पडद्यामागची चित्रं उमटवायची सगळी यंत्रणाच नवी. "आणि आवाज, ताई! आवाज ऐकशील तर रडशील." हा अंदाज त्याचा बरोबर निघाला.

बाबा हे सगळं ऐकत होते. त्यांनी कडकड टाइप केलं. डबडं म्हणालं, "पाच वर्षे. माझा डॉक्टर सहा महिन्यांच्या पुढचं बोलत नाही. नको. चाललंय ते बरं आहे."

आता याच्यापुढं कोणी शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मुंबईकराला गावात सुधारणा करण्यापासून देवही थोपवू शकत नाही. कोणी देवळाला दिवे लावतो, कोणी विहिरीला जाळी लावतो. आमच्या चिरंजीवांनी बाप दुपारी आडवा झाल्यावर कॉम्प्युटर उघडला. जुनं सगळं पुसून नवं टाकलं. बाबांची लिहिलेली पानं तेवढी आधी काढून ठेवली, कीबोर्ड त्यांच्या सवयीचा ठेवला. मी दुसऱ्या दिवशीच्या पालखीसाठी खळं सारवत होते. विचारलं तर म्हणाला, "साफसफाई करतोय." साफसफाईच ती.

बाबा चहाला उठले. पडद्यावर कुठल्याशा जनावराचं भलंमोठं रंगीत चित्र. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग भावाकडे. बसले, लिहिलं, बटण दाबलं.

"टोणग्या," एक तरुण बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "माझ्या वस्तूला हात कोणी लावला?"

इतकं शुद्ध, इतकं मधाळ, की शिवी वाटेचना. वाटलं, आता ती पुढं तिकीट काढायला कुठल्या खिडकीशी जायचं तेही सांगेल. भाऊ टाळ्या वाजवायचाच राहिला होता. "बाबा, बघा! श्वास घेते, चढउतार बघा!" मराठीत एवढाच एक नवा आवाज होता म्हणे, आणि तो बाईचा. समोरच्या काकू धावत आल्या. "अगो बाई, तुमच्यात पाव्हणी कोन आली?" मग बाबांनी दोघाचौघांना झापायचा प्रयत्न केला. ज्यांना झापलं ते चार पायऱ्या परत चढून आले, "काका, अजून एकदा बोला ना," म्हणायला. बाबांनी स्पीकरची वायर काढली आणि न जेवता झोपले.

मी भावाला धरलं. "आत्ताच्या आत्ता जुना आवाज परत घाल."

"घालतो. पण तो इंटरनेटवरून उतरवायला लागेल."

आणि शिमग्यात सगळे मुंबईकर गावात उतरले की आमच्या टॉवरचा जीव जातो. प्रत्येकाला आपण पालखी कशी नाचवली ते जगाला दाखवायचं असतं. भाऊ लॅपटॉप उंच धरून खळ्यात, कुंपणाच्या दगडी गडग्यावर, गोठ्याच्या छपरावर चढून आला. काही नाही. शेवटी म्हणाला, "ताई, गाऱ्हाण्याचं पान तर आहेच. तेच ही वाचेल. उलट छान वाचेल. लोकांना आवडेल बघ." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण आई मध्ये आली.

सकाळी ढोल-ताशे वर येत येत आमच्या खळ्यात पोचले. पालखी पाटावर टेकली. बायकांनी देवीची ओटी भरली. गुरव बाजूला झाला आणि सगळे पडवीच्या खिडकीकडे बघू लागले. बाबा धोतर नेसून, फेटा बांधून कॉम्प्युटरपाशी उभे होते. काल काढलेली वायर त्यांनीच परत खोचली, आणि बोटं दोनदा धोतराला पुसली. वाडीत त्यांचं उरलं होतं ते एवढंच. झापणं गेलं तरी चाललं असतं, पण देवापुढं उभं राहून चार माणसांसाठी मागणं, ते गेलं तर बाबा परत भिंतीकडे बघत बसले असते, आणि या खेपेला त्या भिंतीवरून त्यांना कोणी परत आणलं नसतं. हे मला कळत होतं, आईला कळत होतं. भाऊ मोबाइलवर शूटिंग करत होता.

बाबांनी बटण दाबलं.

"बा देवा महाराजा," बाई म्हणाली. बाबांनी घासूनपुसून बसवलेला "म्हाराजा" तिनं आपण होऊन सुधारून घेतला होता. "आज वर्षाच्या वर्षाला तुझी पालखी आमच्या खळ्यात आली आहे तर या घराचं रक्षण कर आणि या वाडीतील..." मोकळ्या सोडलेल्या ओळी तिला लागतच नव्हत्या. डबडं जिथं दमून थांबे तिथं ही एवढासा गोड श्वास घेऊन पुढं. माणसांनी "व्हय म्हा..." म्हणेस्तोवर ती मुंबईच्या लेकरांपाशी. तिथं दोघातिघांनी "व्हय" म्हणून बघितलं, तर ती आंब्याच्या मोहरावर पोचलेली. मग कोणी काही म्हणेना. भर खळ्यात देवापुढं एकटी बाई बातम्या दिल्यासारखी बोलते आहे, आणि माणसं एकमेकांची तोंडं बघताहेत. मागं पोरगे फिसकन हसले. होकार नाही तर गाऱ्हाणं कसलं? नुसती जाहिरात.

बाबांनी हात पुढं केला आणि वायर उपटली.

ढोलवाल्यानं ढोलावर हात दाबून धरला. बाबा पडवीच्या पायऱ्या उतरून खाली आले, पालखीसमोर उभे राहिले, हात जोडले आणि बोलू लागले.

आवाज नव्हताच. नुसते ओठ हलत होते, आणि गळ्यावरचं फडकं आतबाहेर होत होतं. आधी लोकांना कळेना काय चाललंय. पण पूर्वी मागणी संपली की बाबा जशी हनुवटी छातीकडे खाली आणत, तशी त्यांनी आणली. आणि अख्खं खळं गरजलं, "व्हय म्हाराजा!"

बाबांनी डोळे मिटले. पुन्हा ओठ, पुन्हा हनुवटी. "व्हय म्हाराजा!" ग्रामस्थ म्हणत होते, मुंबईकर म्हणत होते, लाद्यांच्या रंगावरून एकमेकांशी न बोलणारे खांद्याला खांदा लावून म्हणत होते. काय मागितलं जातंय हे एकालाही ऐकू येत नव्हतं आणि एकाचीही वेळ चुकत नव्हती. भावानं मोबाइल केव्हाच खिशात टाकला होता. तो रडत होता आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. शेवटची मागणी जरा लांबली. बाबांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग हनुवटी खाली आली. "व्हय म्हाराजा!" भावाचा आवाज चिरकला.

पालखी उठली तशी त्यानं कोणाचीतरी मोटरसायकल मागून घेतली आणि पुरणपोळीचं ताट तसंच ठेवून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर गेला, जिथं नेटवर्क मिळतं. संध्याकाळी उन्हानं काळाठिक्कर पडून परत आला. कॉम्प्युटरपुढं बसला, खुडबूड केली, आणि बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. स्पीकरची वायर स्वतः खोचली.

बाबांनी एक शब्द टाइप केला.

"टोणग्या," डबडं म्हणालं. खड्यांचा तोच खडखडाट. काकूंनी समोरून ओरडून विचारलं, "आले का आमचे काका?" आई हसता हसता खाली बसली.

भाऊ बाबांच्या पायांशी बसला होता. नाक पुसून म्हणाला, "बाबा, शेवटी ते एवढं लांबलचक काय मागितलंत?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग सावकाश लिहिलं. मध्ये दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

"देवाला सांगितलं. माझं हे शेवटचं."

डबडं थांबलं. दमल्यासारखं.

"पुढच्या शिमग्याला गाऱ्हाणं माझा लेक घालील. स्वतःच्या तोंडानं."

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी? मला एक ओळ येत नाही. मी कुठं हो म्हणालो?"

"सगळ्यांत मोठ्यानं तूच म्हणालास," डबडं म्हणालं. "देवापुढं. आता नाही म्हणता येत नाही."

गाऱ्हाणं अथपासून इतिपर्यंत पाठ आहे ते मला, आणि मला कोणी विचारलं नाही, कारण बायकांनी ते घालायचं नसतं म्हणे. ते भांडण मी राखून ठेवलं आहे. पण त्या संध्याकाळी मी गप्प बसले. बाबांनी देवाला "माझं हे शेवटचं" सांगितलं, आणि त्यालाही आम्ही सगळ्यांनी, मी आणि आईनंसुद्धा, "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं होतं.

आता दर रविवारी सकाळी भावाचा फोन येतो. बाबा मोबाइल स्पीकरपाशी उभा करून ठेवतात. मुंबईहून तो सुरू करतो, "बा देवा म्हाराजा," आणि दुसऱ्याच मागणीला अडखळतो, नाहीतर घाईघाईनं त्या बाईसारखा पुढं पळतो.

"टोणग्या. थांबायला शिक. माणसांना जागा दे," डबडं म्हणतं. "पुन्हा."

तो पुन्हा म्हणतो. या खेपेला थांबतो. आणि मागच्या दारी बांगडे साफ करणारी आई, मान वर न करता, म्हणते, "व्हय म्हाराजा."